आण्णांचं ऐकणं आणि 'साउंड थेरपी', पैसे भरावेत का? (विटा, जि. सांगली)

मागाचं_पोर (मूळचा विटा, सध्या सांगली)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण कुणीतरी शेवटपर्यंत वाचा.

आमचे आण्णा आता ६६ वर्षांचे. वयाच्या अठराव्या वर्षापासून विट्यात यंत्रमागावर, आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये आणि मग आमचे स्वतःचे चार माग होते ते २०१९ ला बंद केले, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर धोट्याच्या खटाखटीत गेली. शेड चालू असली की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही, आम्ही डबा घेऊन गेलो की आण्णा नुसतं ओठानं आणि हातानं बोलायचे, आवाज काढायचेच नाहीत, आणि आम्हाला सगळं कळायचं. कानात काही घालून काम करायचं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

गेली पाच-सहा वर्षं असं झालंय की आवाज येतो पण शब्द लागत नाही. सहा वाजता या म्हणलं की दहाला येतात. आई जोरात बोलली की म्हणतात वरडतीस कशाला, ऐकू येतंय की. घरात चार माणसं एकदम बोलायला लागली की हळूच उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे गुरुवारचं भजन सोडलं. माझ्या जन्माच्या आधीपासून ते भजनात टाळ वाजवतात. पुढचा अभंग कुठला धरला ते कळत नाही, मग ताल चुकतो आणि सगळे वळून बघतात, म्हणून जात नाहीत. रात्री कानात शीं असा आवाज चालूच असतो, दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही.

कानाची तपासणी केली. दोन्ही कान जवळपास सारखेच आहेत (डेसिबलचा आकडा जेवढा मोठा तेवढं कमी ऐकू येतं), ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ७० आणि ८००० ला ६०. कानाचं मशीन घेतलं, दोन्हीचं मिळून ४४ हजार. तीन आठवडे घातलं आणि काढून कपाटात ठेवलं. म्हणाले पेपर चाळला तरी कापड फाडल्यासारखं वाटतंय आणि भांडी तर डोक्यातच आपटतात.

आता मागच्या महिन्यात एका शिबिरात कुणीतरी सांगितलं की साउंड थेरपी करा. हेडफोन आणि गाणी भरलेला एक डबा देतात, रोज ३ तास ऐकायचं, ६ महिन्यात कानाच्या नसा जाग्या होतात, पेशी परत येतात आणि मशीन लागतच नाही असं म्हणे. २८ हजार. आण्णांना एकदम पटलंय कारण मशीन नको झालंय, आई ठेव मोडायला तयार आहे. मला कळेना. कुणी केलंय का असलं काही?

---

कानगोष्ट (सांगली)

दादा, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी आणि मशीनचं बघते, सांगलीतच काम करते. पैसे भरले नसतील तर आधी थांबा.

आकडे दिलेत ते बरं केलंत. ऐकणं ४००० ला एकदम खाली जाऊन ८००० ला थोडं वर आलंय ना, तो खड्डा आवाजानं मार खाल्लेल्या कानाची खूण असतो, मागवाले, फौंड्रीवाले यांच्या रिपोर्टात मला तो कायम दिसतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया असतो, त्यात जन्मतः एका कानाला साधारण १५-१६ हजार आवाज टिपणाऱ्या केसपेशी मिळतात आणि त्यावरच जन्म काढायचा असतो. उंच पट्टीच्या आवाजाच्या पेशी दाराशीच असतात, त्या आधी जातात. माणसात त्या परत उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, माशांत उगवतात, म्हणून तर जगभर संशोधन चाललंय, पण आजच्या तारखेला कुठलंही गाणं ऐकून आण्णांच्या पेशी परत येणार नाहीत. ज्यानं तसं सांगितलंय त्याला एवढंच विचारा की सहा महिन्यांनी बंद खोलीत परत ऑडिओग्राम, म्हणजे हीच तपासणी, काढू, ४००० च्या ७० चे किती होतील ते कागदावर लिहून द्या.

आणि सहाचे दहा का होतात ते पण सांगते, कारण घरच्यांना हे कळलं की निम्मी भांडणं थांबतात. आपले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि ताकदवान असतात, ते आण्णांना नीट येतात, म्हणून "ऐकू येतंय की" हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पण स, श, च, थ, फ यांची सळसळ २००० च्या वर असते आणि तिथंच त्यांचा खड्डा आहे. म्हणजे शब्दाचं अंग पोचतं आणि कडा पोचत नाहीत. ओरडल्यानं स्वर अजून मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथंच राहतात, उलट ओरडणं टोचतं. आईंना सांगा समोर येऊन, तोंडावर उजेड ठेवून, जरा सावकाश बोला. आण्णांनी चाळीस वर्षं शेडमध्ये ओठ वाचलेत, ही त्यांची केवढी मोठी शिदोरी आहे! मी पेशंटना जे महिनोन् महिने शिकवते ते त्यांना आधीच येतंय. पाठमोऱ्या माणसाचं किंवा स्वयंपाकघरातून बोललेलं त्यांना कळणार नाही, पण समोरून बघा किती पकडतात.

आता साउंड थेरपी. या एका नावात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि घोळ तिथंच होतो. तुम्हाला जी विकतायत ती गाळलेल्या संगीताची. फ्रान्समध्ये आल्फ्रेड तोमातीस नावाचे कानाचे डॉक्टर होते, त्यांनी गेल्या शतकात वरची-खालची पट्टी कमी-जास्त करून संगीत ऐकवायची पद्धत काढली, पुढं त्याच्या बऱ्याच फांद्या फुटल्या. ऐकून मन शांत होत असेल तर होऊ दे, पण गेलेलं ऐकणं त्यानं परत आल्याचा भक्कम पुरावा नाही. उलट ज्याला कमी येतं तो आवाज वाढवतो, आणि रोज ३ तास हेडफोन जोरात म्हणजे उरलेल्या पेशींनाही धोका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ठीक म्हणते, त्याच्या वर गेलं की वेळ भराभर कमी होतो.

दुसरी थेरपी कानातल्या शीं आवाजासाठी असते, आणि ती आण्णांच्या कामाची आहे. बाहेरून येणारं कमी झालं की मेंदू आपली आतली बटणं वाढवतो, रेडिओला स्टेशन लागलं नाही की आवाज वाढवल्यावर खरखर मोठी होते तसं, आणि ती खरखर म्हणजे हा टिनिटस. त्यावर दिवसभर हळू सळसळता आवाज चालू ठेवायचा, पण तो शीं झाकून टाकेल इतका मोठा नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतील इतकाच, म्हणजे मेंदू हळूहळू त्याच्याकडं लक्ष देणं सोडतो. १९९० च्या सुमारास यास्त्रेबॉफ नावाच्या संशोधकांनी याचीच पद्धत बसवली, तिला टीआरटी म्हणतात, त्यात समजावून सांगणं निम्मं असतं आणि वर्ष-दीड वर्ष धरून चालायचं असतं. खरं सांगायचं तर नुसत्या आवाजापेक्षा समुपदेशनाचा, सीबीटी म्हणतात त्याचा पुरावा जास्त पक्का आहे. आवाज पूर्ण जातो असं मी कुणालाच सांगत नाही. त्रास कमी होतो, झोप लागते.

तिसरी म्हणजे ऐकण्याचा सराव. मशीन घालून घरातल्या कुणीतरी रोज १५-२० मिनिटं पेपर वाचून दाखवायचा, आधी शांत खोलीत, मग पंखा लावून, मग टीव्ही बारीक चालू ठेवून. याला एक रुपया लागत नाही.

आणि मशीन कपाटातून काढा. तीन आठवड्यांत कागद टोचतोय म्हणजे बहुतेक सेटिंग पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात दिलंय. कित्येक वर्षं कागदाचा आवाज न ऐकलेल्या मेंदूला तो आज एकदम दिला तर टोचणारच. आवाज थोडा खाली घेऊन पहिला आठवडा घरात दोन तास, मग तीन, असं वाढवत दोन-तीन महिन्यांत नेहमीच्या सेटिंगवर यायचं. पुष्कळ लोकांचा टिनिटस पण मशीन घातल्यावर कमी त्रास देतो, कारण मेंदूला बाहेरचं काहीतरी मिळतं. जिथनं घेतलंय तिथं जाऊन परत परत ट्यूनिंग करून मागा, तो तुमचा हक्क आहे, ४४ हजारात ते पण आलं.

---

शिवार (तासगाव)

आमच्याकडं लसूण घालून गरम केलेलं मोहरीचं तेल दोन थेंब टाकतात, माझ्या आजोबांना फरक पडलेला. करून बघा, खर्च काही नाही.

---

कानगोष्ट (सांगली)

शिवार, आजोबांचा मळ घट्ट झाला असेल तर तेलानं सुटून फरक पडू शकतो, तो भाग पडद्याच्या अलीकडचा. आण्णांचं दुखणं पडद्याच्या पार आत आहे, तेल तिथं पोचतच नाही. आणि पडद्याला भोक असेल तर तेलानं कान फुटून वाहायला लागतो, गरम असेल तर भाजतो सुद्धा. कृपया कुणी टाकू नका.

---

कोरेगावची_बाई (सातारा जिल्हा)

मागाचं_पोर, मी शिक्षिका आहे, वय ४७. माझं जरा वेगळं आहे पण तुमच्या रात्रीच्या आवाजाबद्दल लिहिते, कारण तो त्रास फक्त भोगणाऱ्यालाच कळतो.

चार वर्षांपूर्वी एक दिवस सकाळी उठले तर उजवा कान बंद, एकदम बधिर, आणि आत मिक्सर चालू. एका दवाखान्यात मळ आहे म्हणून थेंब दिले, आठ दिवसांनी या म्हणाले. मी पण शाळेच्या परीक्षा चालू म्हणून ओढत राहिले आणि तीन आठवड्यांनी ऑडिओग्राम काढला तेव्हा कळलं की आतली नसच गेलीय. अचानक एका कानाचं ऐकू येणं गेलं तर ती इमर्जन्सी असते, स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच सुरू करावं लागतं, दोन आठवडे उलटले की फायदा फारच कमी. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! म्हणून इथं जो कोणी वाचतोय त्यानं एवढं लक्षात ठेवा, एका कानाचं अचानक बंद झालं तर मळ आहे का हे बघायला सुद्धा त्याच दिवशी जा, आणि मळ नाही म्हणलं तर लगेच ऑडिओग्राम मागा.

तर तो आवाज. पहिली सहा महिने मी रडून काढली. मग पावसाळा आला आणि एका रात्री माहेरी मेढ्याला झोपले होते, पत्र्यावर पाऊस धो धो, आणि माझ्या लक्षात आलं की मी आवाजाचा विचारच केला नाही इतका वेळ. दुसऱ्या दिवशी फोनवर दोन तास तो पाऊस रेकॉर्ड केला. अजून तोच लावते. उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो, त्यावर बारीक, नवऱ्याला ऐकू पण येत नाही इतका. नेटवर समुद्राचे वगैरे आवाज फुकट मिळतात पण मला ते परके वाटले, पत्र्यावरच्या पावसात मला झोप लागते. तुमच्या आण्णांना कशात शांत वाटतं ते शोधा, विहिरीची मोटर, पाण्याचा पाट, नुसता पंखा, काहीही चालेल. फक्त एक, पार शांत खोलीत झोपायला देऊ नका, शांततेत तो आवाज राक्षस होतो.

आता आवाज आहे का विचाराल तर आहे. हे लिहिताना पण आहे. पण आता तो फ्रिजच्या आवाजासारखा आहे, लक्ष दिलं तरच.

वर्गात मी भिंत उजव्या अंगाला ठेवून उभी राहते म्हणजे मुलं डाव्या कानाला येतात. आणि मीटिंगला फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं ॲप चालू करून टेबलावर ठेवते, समोरचा बोलेल ते मराठीत लिहून येतं, चुका असतात पण आधार होतो. आण्णांना वाचता येत असेल तर घरात घालून द्या.

---

जवारी (मिरज)

मी तानपुरे बनवतो, मिरजेत, तिसरी पिढी. वय ५८. ही चर्चा पुतण्यानं दाखवली म्हणून लिहितोय, टायपिंग त्याचं आहे.

आमच्या कामात कानाशिवाय काहीच नाही. तानपुऱ्याची घोडी घासून घासून तारेखालचा उतार असा आणायचा की तार छेडल्यावर नुसता सूर न येता त्यातनं बारीक सुरांची झुळूक उठली पाहिजे, तीच जवारी, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत ती जागा शोधायची, त्या दोऱ्याला आम्ही जीव म्हणतो. हे मोजायला यंत्र नाही, कानच. सहा वर्षांमागं एक गायक माझ्याकडनं तानपुरा घेऊन गेले आणि आठवड्यानं परत आले, म्हणाले चरचरतोय, जवारी जास्त उघडलीय. मी लावून बघितला, मला गोड लागत होता. पोराला ऐकवला, पोरगं म्हणालं बाबा, चरचरतोय. त्या रात्री मी जेवलो नाही. मला वरचे सूर कमी ऐकू येत होते म्हणून मी घासत गेलो आणि जवारी गरजेपेक्षा जास्त मोकळी झाली.

मी पण मशीन घेतलं आणि पहिल्याच दिवशी वाटलं की फेकून द्यावं. तानपुरा लावला की दहा-पंधरा सेकंदांत आवाज मशीनमध्ये विरायला लागायचा, कधी पाण्यात बुडाल्यासारखा थरथरायचा. मला वाटलं माझा कान अजून गेला. मिरजेतल्याच एका मॅडमनी शोधून काढलं. ही मशीनं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं धरून ती तो दाबतात, आणि लांब टिकणारा सूर म्हणजे मशीनची शिट्टी वाजतेय असं समजून त्याला उलटा सूर लावून मारायला जातात. तानपुरा तर दोन्ही आहे, अखंड पण आहे आणि सूर पण! त्यांनी एक वेगळा प्रोग्राम करून दिला, त्यात नॉइज रिडक्शन बंद आणि शिट्टी मारायचं ते पण बंद. बटण दाबलं की बोलण्याचं जाऊन गाण्याचं लागतं. तेव्हापासनं मी परत जवारी लावतो. शेवटचा हात मात्र पोराचा, ते मी ठरवून टाकलंय, गिऱ्हाइकाच्या वाद्यावर माझ्या हट्टाचा भार नको. २०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेवढ्या नावाला तरी जपायला पाहिजे.

तुमचे आण्णा भजनाचे आहेत म्हणून हे एवढं लांबण लावलं. त्यांच्या मशीनमध्ये बोलण्याचाच प्रोग्राम असणार. गाण्याचा करून घ्या, बहुतेक डिजिटल मशीनमध्ये तो भरता येतो, मागितला नाही तर कुणी देत नाही.

आणि २८ हजाराचं म्हणाल तर मी काही डॉक्टर नाही. मला पण रात्री आवाज येतो आणि मी खर्जाचा तानपुरा बारीक लावून झोपतो, मला बरं वाटतं. पण तानपुऱ्यानं माझा कान परत आला नाही, आणि माझ्याएवढा तानपुरा कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

खर्चाचं थोडं. आण्णा ६५ च्या पुढचे आहेत आणि घरचं उत्पन्न वर्षाला २ लाखाच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदा ३ हजार खात्यावर येतात, त्यात श्रवणयंत्र पण बसतं, बॅटऱ्यांना तरी होतील. अपंगत्वाच्या दाखल्याचं मात्र अवघड दिसतंय, २०१६ च्या कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांचं ६० डेसिबलच्या पुढं गेलं तरच धरतात आणि तुमच्या आकड्यांची सरासरी चाळीसच्या आसपास येतीय. माझ्या आईचं ६८ होतं, तिला मिळाला.

अजून एक, तुमच्या घरात किंवा भावकीत कोण अजून मागावर असेल तर त्याला आत्ताच कान झाकणारे इअरमफ घेऊन द्या. कारखान्यांच्या नियमात ८ तासाला ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे कानाला धोका आहे, त्याला मीटर लागत नाही. कानात कापसाचे बोळे घातले तर काही उपयोग नाही, आवाज त्यातनं आरपार जातो.

---

मागाचं_पोर

मंडळी, महिनाभरानं लिहितोय, माफ करा.

तो कोर्स घेतला नाही. आण्णांना समजवायला दोन दिवस गेले, कानगोष्ट मॅडमनी सांगितलं तसं त्या माणसाला फोन करून ७० चे किती होतील ते लिहून द्या म्हणलं, तर म्हणाला प्रत्येकाची तब्येत वेगळी असते, लिहून कसं देणार. फोन स्पीकरवर होता आणि आण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी काही बोललो नाही, त्यांनी स्वतःच हातानं खूण केली, ठेव खाली.

मशीनचं ट्यूनिंग तीनदा करून आणलं. आता सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दोन तास घालतात. आई रोज पेपर वाचून दाखवते, बाजारभावाचं पान आधी. हळद, बेदाणा, सगळे आकडे परत म्हणून दाखवायचे असा त्यांचा दोघांचा नियम झालाय, पहिल्या आठवड्यात दहातले चार चुकायचे, आता एक-दोन. रात्री पंखा पुरत नव्हता, मग मी शेडमधला जुना व्हिडिओ होता त्यातला मागाचा आवाज एकदम बारीक लावून बघितला, म्हणलं सवयीचा आहे. तो नको म्हणाले. ओढ्याचा आवाज लावला, तो चालतोय. झोप साडेअकरापर्यंत लागतीय.

चुलतभाऊ अजून मागावर आहे, त्याला मफ घेतले. गरम होतं म्हणतोय पण घालतोय.

गाण्याचा प्रोग्राम करून घेतला आणि मागच्या गुरुवारी भजनाला नेलं. अभंग कुठला धरला ते कळलं म्हणाले, पण अर्ध्या तासात बाहेर आले. टाळ सहन होत नाहीत, स्वतःचे पण नाहीत, कानात सुई मारल्यासारखं होतंय. आता यावर काय करायचं?

---

कानगोष्ट (सांगली)

दादा, अभंग कळला हे केवढं मोठं आहे! टाळांचं असं की ज्याच्या पेशी गेल्यात त्याला हळू आवाज येत नाही आणि मोठा आवाज मात्र आपल्याइतकाच किंवा जास्त मोठा लागतो, मधली जागाच अरुंद होते. मशीनमध्ये जास्तीत जास्त किती आवाज बाहेर सोडायचा याची एक मर्यादा असते, ती गाण्याच्या प्रोग्राममध्ये खाली घ्यायला सांगा. जाताना टाळ घेऊन जा आणि तिथंच वाजवून सेट करून घ्या, लाजायचं नाही. आणि टाळ तसेही बंद खोलीत कानाला जोरातच असतात, ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनी पण जरा अंतरानं बसावं.

---

जवारी (मिरज)

टाळकऱ्यांच्या ओळीत मध्ये बसवू नका, पेटीवाल्याच्या बाजूला कडेला बसवा, म्हणजे धरलेला सूर आधी कानावर येतो आणि टाळ एका बाजूनं. आणि हातात टाळाऐवजी थोडे दिवस चिपळ्या द्या, लाकडाच्या आवाजाला टाळाइतकी धार नसते. आमच्याकडं दुकानात एक जुनी जोडी आहे, चांगली वाजते. आण्णांना घेऊन या मिरजेला, दुपारी चारनंतर मी असतो. समोर बसून बोलू.